उपडा हात

शुभदा टिपणीस गप्प झालेली मी आजवर एकदाच पाहिली. ते कधी, ते ओघाने येईलच. एरवी या बाईचं तोंड बंद असतं ते फक्त दात घासताना, आणि तेव्हाही नसावं अशी मला शंका आहे.

आमच्या हॉस्पिटलात ती एक्स-रे काढते. हॉस्पिटल म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. पुढे औषधांचं दुकान, मागे ऑपरेशनची खोली, वर हाडांचे डॉक्टर सुश्रुत, आणि जिन्याखालच्या थंडगार खोलीत शुभदाताईचं राज्य. मी निवेदिता, बाहेर काउंटरवर बसते. नावनोंदणी माझी आणि आरडाओरडा तिचा, अशी आमची वाटणी आहे. माझाही स्वभाव काही मऊ नाही. रांग मोडणाऱ्याला मी असा काही झापते की तो पुढच्या खेपेला नातेवाइकाला पाठवतो. पण शुभदाताईपुढे मी म्हणजे अगदीच मवाळ. भिवंडीत मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलायची सवयच नसते, हे कबूल. तरी हिचा आवाज म्हणजे कहर! काचेमागून ती "श्वास रोखाऽऽ" म्हणून ओरडली की बाहेर बाकावरची माणसंही श्वास रोखून बसतात. मीही रोखलाय.

तिचे वडील नगरपालिकेत कारकून, आई शाळेत बाई. मुलीने बँकेत चिकटावं एवढीच दोघांची इच्छा. पण शुभदा शाळेत असताना सायकलवरून पडली, मनगट मोडलं, आणि डॉक्टरांनी तिला ती काळी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. "अय्या, ही मी?" असं ती ओरडली म्हणे. रडणं तिथंच थांबलं, आणि वेड लागलं ते कायमचं. पुढे मुंबईला जाऊन रीतसर शिकली, तिकडे चांगली नोकरी मिळत असताना परत भिवंडीला आली. का आलीस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "अगं, खांद्यांसाठी!"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तसं नव्हतं. भिवंडी हे खांद्यांचं गाव आहे, असं तिचं ठाम मत. गोदामात खोकी वाहणारे खांदे, लूमवर दिवसभर हात उचलून तुटलेले धागे जोडणारे खांदे, टेम्पोचं मागचं फळकं दाणकन वर उचलणारे खांदे, आणि कशेळीच्या बाजूला ट्रकांच्या गर्दीत बाइकवरून आपटणारे खांदे. "गुडघे काय, म्हातारपणी सगळीकडेच दुखतात," ती म्हणते, "खांदे बघावेत ते भिवंडीत!" एखादी बाई साड्यांबद्दल बोलेल त्या आनंदात ही खांद्यांबद्दल बोलते.

डॉक्टर सुश्रुत नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघांची जुंपली. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'उजवा खांदा, एक्स-रे.' ही तरातरा वर गेली. मी मागोमाग, कारण असं भांडण सोडायचं म्हणजे काय!

"डॉक्टर, कोणता एक्स-रे?"

"खांद्याचा," डॉक्टर म्हणाले.

"खांद्याचा म्हणजे? समोरून, तिरका, काखेतून, पाठीवरच्या खवाट्याच्या कडेने, का मशीनची नळी जरा वरच्या दिशेला झुकवून? पडला असेल तर वेगळे फोटो, हात वर नेताना दुखत असेल तर वेगळे. गळ्याखालच्या आडव्या हाडाचं टोक वर आलं असेल तर दोन्ही खांदे शेजारी शेजारी हवेत, म्हणजे चांगला खांदा साक्षीला राहतो. तुम्ही मला तक्रार लिहून पाठवा. कोणते फोटो ते मी सुचवते. पटलं तर सही करा, नाही पटलं तर ओरडा!"

दुसरा एखादा डॉक्टर असता तर खुर्चीतून उठला असता. हे हसायला लागले. म्हणाले, "अहो, आमचे सर हेच सांगायचे. चिठ्ठीवर फोटो मागू नका, त्रास लिहा." आणि मग स्वतःच खाली उतरले, तिच्या खोलीत तासभर दोघं काय काय बोलत उभे राहिले. हात जरासुद्धा उचलता येत नसेल अशा माणसाला मागे रेलवून, नळी डोक्यावर आणून, वरून खाली फोटो कसा घ्यायचा ते डॉक्टरांनी तिला त्या दिवशी दाखवलं. ते तिला येत नव्हतं. ती इतकी खूश झाली की तिने मला टेबलाला टेकवून, मागे वाकवून, मशीन बंद ठेवून तीनदा तालीम केली. माझी कंबर दोन दिवस धरली होती.

तेव्हापासून आमच्याकडे ही पद्धत पडली. पेशंट आला की शुभदाताईची उलटतपासणी सुरू. "कंधा जाम है मॅडम," म्हणत एखादा लूमवाला येतो. "जाम है या दर्द है? ऊपर जाता है? पीछे जेब तक जाता है? गिरे थे? किस करवट सोते हो?" तो बिचारा बायकोने इतके प्रश्न कधी विचारले नाहीत अशा चेहऱ्याने उत्तरं देतो. आणि कुठे मार बसला असेल, तर तिचा एक नियम, जो तिने आम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलाय: एक फोटो घेऊन सोडायचं नाही. समोरून एक, आणि दुसऱ्या दिशेने एक.

का, ते तिने मला जेवताना समजावलं होतं. डब्याचं झाकण उभं धरलं आणि त्याच्यासमोर लिंबू. "हे झाकण म्हणजे खांद्याची खोबण, हे लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचं डोकं. आता मी लिंबू झाकणाच्या मागे नेते. तू समोरून फोटो काढलास, तर फोटोत काय दिसणार? एक्स-रे आरपार जातो, बाई! पुढे असो की मागे, झाकणावर लिंबूच दिसणार. मग तू वरून बघ." मी उठून वरून पाहिलं. लिंबू झाकणाच्या पार मागे होतं. मला इतकी गंमत वाटली की घरी जाऊन नवऱ्यालाही दाखवलं. त्याने लिंबू वरणात पिळलं.

तर आता चिंतूची गोष्ट.

त्या दिवशी शुभदाताईच्या मुलीचा, तनयाचा, बारावीचा निकाल लागला होता. पोरीने मार्क असे काढले होते की आई सकाळपासून जमिनीवर नव्हतीच. पेढ्यांचे दोन बॉक्स, फोनवर फोन, "हो हो, सायन्सच! नाही नाही, आईवर नाही गेली, हुशार आहे!" असा गजर चाललेला. अशात काउंटरसमोर एक जोडपं येऊन उभं राहिलं. वज्रेश्वरीच्या पुढच्या डोंगरपाड्यावरून बस पकडून आलेलं. माणूस चाळिशीतला, काटक, उजवा हात पोटाशी धरलेला, जणू हातात काही लपवलंय. बायको त्याच्या पुढे. तिचं नाव सोमी, त्याचं चिंतू. बोलायचं काम तिच्याकडे.

बाहेरच्या एका डॉक्टरांची चिठ्ठी होती: 'उजवा खांदा, समोरून, पुन्हा.' सोबत मोठ्या पिवळ्या पाकिटात आधीचा एक्स-रे. तो दुसरीकडे काढलेला, आणि त्यावर सगळं ठीक असल्याचा शेरा.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात जखडला हाय त्याचा," सोमी म्हणाली. "डाक्टर बोल्ला, कसरत करवा, वढा. ह्याचा भाचा दिनेश सकाल-संध्याकाल वढतो. हा तोंडात टावेल घालून बसतो. तरी सुटत न्हाय." तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "पेरा तोंडावर आला हाय, ताई. डोंगरातला वावर, नांगर तोच धरतो. उजवा हातच न्हाय तं नांगर कसा धरायचा?"

हे ऐकताना चिंतू भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होता. त्या चित्रातल्या माणसाचे दोन्ही हात उताणे, तळवे समोर. चिंतू बराच वेळ त्याच्या हातांकडेच बघत राहिला.

शुभदाताईने त्याला आत घेतलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तसं दार बंद असतं तरी आलंच असतं.

"पडला होतात?"

"न्हाय."

"मग?"

"झटका बसला."

आता भिवंडीत दिवसातून निदान चार माणसं हे वाक्य बोलतात. गोणी उचलताना झटका बसला, खोकं फेकताना झटका बसला.

"ओझ्याचा?"

"हां," चिंतू म्हणाला.

"बरं, इथं उभे राहा. पाठ टेकवा. आता हात बाहेर वळवा, तळवा माझ्याकडे. उताणा."

"हां."

तेवढ्यात परत तिचा फोन वाजला. बहुधा नागपूरची नणंद. तिने तो बंद केला, काचेमागे गेली, "श्वास रोखाऽऽ" झालं, मशीनने आवाज केला, आणि झालं. चिठ्ठीत एकच फोटो मागितलेला, तोही बाहेरच्या डॉक्टरांनी. बाहेरची चिठ्ठी असली की ती लिहिलेलंच काढते, शंका आली तर फोन करते. पण पडला नाही, मार नाही, जुना फोटो ठीक, आणि आज डोक्यात तनया. शंका यायला जागाच नव्हती. पडद्यावर फोटो आला, खोबण दिसली, गोळा दिसला. "या बाहेर," ती म्हणाली, आणि मागोमाग पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्वतःही बाहेर आली.

"माझी मुलगी पास झाली! घ्या, तोंड गोड करा!"

सोमीने दोन्ही हातांत घेतला. चिंतूने डावा हात पुढे केला.

सोमी जी उसळली! "काय रं, डावा हात पुढं करतोस? चांगल्या कामाचा पेढा हाय, उजव्या हातान घे!"

चिंतू ओशाळला. त्याने उजवा हात पोटापासून सोडवल्यासारखा करून जरा पुढे आणला. पण हाताची पाठ वर. उपडा. शुभदाताई पेढा हातात धरून तशीच उभी. उपड्या हातावर पेढा कुठे ठेवणार?

"हात उताणा करा ना," ती म्हणाली.

"हां," चिंतू म्हणाला. हात तसाच उपडा.

"अहो, उताणा. असा." तिने आपला हात करून दाखवला.

"हां." त्याच्या कपाळावर घाम आला, मान वाकडी झाली, अख्खा देह त्या बाजूला कलला. हात उपडाच.

मला आधी वाटलं, याला मराठी नीट कळत नसावं. पण सोमीने कपाळावर हात मारला. "अगं ताई, तो हां बोलतो तं आयकतो असा बोलतो! काम जाला, असा न्हाय! त्याचा हात उताना होतच न्हाय. भाकर बी डाव्या हातान खातो."

शुभदाताईचा चेहरा असा पालटला की मी खुर्चीतून उठले. तिने पेढा बॉक्समध्ये टाकला, बॉक्स माझ्या अंगावर ढकलला, आणि आत धावली. जुना फोटो पाकिटातून काढून लाइटच्या पेटीवर लावला, शेजारी आपला नवा पडद्यावर. "निवेदिता! निवेदिता, इकडे ये! हे बघ!" मला काय कळणार, पण गेले. "दंडाच्या हाडाचं डोकं असं दिसायला हवं, काठीची मूठ असते ना, एका बाजूला कललेली, तसं. इथे बघ, गोल! बल्बसारखं गोल गरगरीत! म्हणजे हात पार आत वळलाय. मी त्याला बाहेर वळवायला सांगितलं, तो हां म्हणाला, आणि मी बघितलंच नाही! आणि हा जुना बघ, हाही बल्ब! दोन्ही एकसारखे! म्हणजे हा हात मधल्या काळात एवढासाही फिरलेला नाही!"

"म्हणजे काय?" मी म्हटलं.

"म्हणजे लिंबू!" ती ओरडली. "लिंबू झाकणाच्या मागे आहे का ते बघायला हवं!"

ती परत बाहेर, सरळ सोमीसमोर. "सोमीबाई, झटका कसला? ओझ्याचा?"

"वझ्याचा कशाला?" सोमी म्हणाली. "करंटचा! शेठच्या भाजीच्या वावरात पान्याची मोटर हाय. चालू कराया गेला तं हात चिकटला. सारा आंग ताठ जाला. शेठच्या मानसान लाकडान सोडवला. पडला न्हाय, तसाच उभा व्हता. तवापासून हात असा."

"हे डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"त्यान विचारला पडला का? हा बोल्ला न्हाय. खोटा कसा बोलायचा?"

खरंच, खोटं कसं बोलायचं! पडला नव्हताच तो. पण विजेने अंगातला प्रत्येक स्नायू एकदम आवळला, आणि दंड आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा जोरकस. त्यांनी तो गोळा खोबणीतून उचकटून मागच्या बाजूला नेऊन बसवला असणार. हे मला नंतर समजावून सांगितलं गेलं. तेव्हा फक्त एवढंच समजलं की शुभदाताई जिना चढतेय, दोन दोन पायऱ्या एकदम, आणि मी मागे.

डॉक्टर सुश्रुतांच्या खोलीत एका आजोबांचा गुडघा तपासणं चाललं होतं. "डॉक्टर, करंट लागलेला माणूस, हात उताणा होत नाही, समोरून बल्ब दिसतोय!" तिने एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी आजोबांचा गुडघा हळूच खाली ठेवला, "आलोच हां, काका," म्हणाले आणि आमच्यापुढे पळाले. हाडांचे डॉक्टर असे पळताना मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यांनी चिंतूचा खांदा पुढून चाचपला, मागून चाचपला. पुढे जिथे गोलाई हवी तिथे सपाट, आणि मागे, खवाट्याखाली, काहीतरी टणक. "कधी झालं?" सोमीने सांगितलं, मागच्याच्या मागच्या शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी. डॉक्टरांनी मनातल्या मनात हिशेब केला. "अजून वेळ गेलेली नाही. पण फार उरलीही नाही. आणखी आठवडाभर गेला असता तर कापून बसवावं लागलं असतं, आणि तरी पूर्वीसारखा झाला असता की नाही, सांगता येत नाही. आणि बाई, तो भाचा! त्याला सांगा, हात लावायचा नाही. ओढून हाड मोडेल!"

सोमीने तोंडावर पदर घेतला. त्या पोराने मामाच्या भल्यासाठी जीव तोडून ओढलं होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते तिकडून म्हणाले, "अहो, झटका म्हणाला तो, मी हमालीचाच समजलो. बरं झालं पाहिलंत, करा, पुढचं सगळं तुम्हीच करा." फोन ठेवल्यावर डॉक्टर म्हणाले, "शुभदाताई, दुसरा फोटो. काखेतून?"

"हात बाजूला न्यायला हवा. जात नाही. ओढला तर..."

"नको, ओढायचा नाही. खवाट्याच्या कडेने घ्यायचा का?"

"घेता येईल, पण तिरक्या फोटोत कधी कधी घोळ होतो. वरून बघितलं तर वादच नको."

दोघंही एकमेकांकडे पाहून एकदम ओरडले, "मागे रेलून!"

मला माझी कंबर आठवली.

हात झोळीत तसाच पोटाशी ठेवायचा. माणसाने टेबलाला पाठ करून उभं राहायचं आणि मागे रेलायचं, इतकं की खांदा टेबलावर ठेवलेल्या प्लेटच्या बरोबर वर यावा. नळी छतावरून सरळ खाली. ऐकायला सोपं, पण चिंतू रेलेना. एकतर हात दुखतोय, त्यात मागे काय आहे ते दिसत नाही, वर ते मशीन टांगलेलं, आणि नुकतंच विजेने धरलेलं. तो मशीनकडे बघून लाकडासारखा ताठ झाला. शुभदाताईने पाठीमागे उशा लावल्या, समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. चिंतू प्रत्येक वेळी "हां" म्हणाला आणि तसाच ताठ उभा. आता हां म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं.

शेवटी काचेमागून सोमी पुढे झाली. शुभदाताईने तिला आपल्याशेजारीच उभं केलं होतं. सोमीने काचेला नाक लावलं आणि अशा आवाजात ओरडली की शुभदाताईसुद्धा दचकली.

"ए! ताडी पिऊन बांधावर रेलतोस ना, तसा रेल!"

 मग चिंतूच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, मान सैल पडली, गुडघे सैल झाले, आणि माणूस असा काही आरामात मागे रेलला की वर मशीनऐवजी ताडाची झावळीच असावी! बाहेर बाकावर हशा पिकला. डॉक्टर हसत होते. "हलू नका! श्वास रोखाऽऽ!" सगळ्या बाकाने श्वास रोखला.

फोटो पडद्यावर आला तेव्हा खोलीत आम्ही सगळेच घुसलो होतो. मला कुणी सांगावं लागलं नाही. झाकण इथे, लिंबू तिथे, पार मागे. आणि झाकणाची कड लिंबात रुतलेली, लाकडात विळा रुततो तशी. म्हणूनच हात फिरत नव्हता. ओढून सुटणार कसा, तो अडकलाच होता.

"दिसलं!" शुभदाताई ओरडली. "दिसलं, दिसलं, दिसलं!" आणि तिने मला मिठी मारली, मग सोमीला मारली. सोमीला अजून कळलं नव्हतं आनंद कसला. नवऱ्याचं हाड जागेवर नाही, आणि या बायका नाचतात काय! मग डॉक्टरांनी तिला पेढ्यांच्या बॉक्सच्या झाकणावरच सगळं दाखवलं. लिंबू नव्हतं, पेढा घेतला. सोमीने पेढा झाकणामागे पाहिला, मग पुढे आणून खोबणीत बसवलेला पाहिला, आणि विचारलं, "बसल?"

डॉक्टरांनी थाप मारली नाही. "भूल देऊन आजच प्रयत्न करतो. कड जास्त रुतली असेल तर नाही बसणार, मग ऑपरेशन करावं लागेल. पण प्रयत्न आजच."

रक्त तपासलं, ईसीजी काढला, भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या. दुपारी त्याला आत नेलं. सोमी माझ्या काउंटरच्या आत येऊन खाली बसली, बाकावर बसेना. शुभदाताईने डबा उघडला नाही, फोनही घेतले नाहीत. नागपूरच्या नणंदेला मीच सांगितलं की वहिनी कामात आहेत. शुभदाताई ऑपरेशनच्या दाराशी येऊन कान देई, परत खोलीत जाऊन प्लेट पुसे, परत येई. तोंडाने अखंड चालू, "बसेल गं, बसणार, बसायलाच हवं, कड फार खोल नव्हती, तूच बघितलीस ना, फार खोल नव्हती ना?" मला काय कळतंय खोल किती ते! पण मी म्हणत होते, "नव्हती गं, अजिबात नव्हती."

मग दार उघडलं. डॉक्टर सुश्रुत उंबऱ्यात आले. टोपी, मास्क, त्यामुळे चेहरा काही दिसेना. सोमी उठून उभी राहिली.  त्यांनी आपला उजवा हात तिच्यासमोर धरला, उपडा. आणि सावकाश उताणा केला.

सोमी मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. बाकावरची एक अनोळखी बाई तिला पाणी द्यायला धावली. शुभदाताई रडत नव्हती. ती प्लेट घेऊन आत निघाली होती. "थांबा, थांबा, खात्री करायची! समोरून एक आणि वरून एक! दोन्ही!" दोन्ही काढले. समोरच्या फोटोत काठीची मूठ, आणि वरच्यात लिंबू झाकणात. मग कुठे तिने डबा उघडला. भात गार झाला होता, तो तिने तसाच खाल्ला, आणि खाताना मला तीन वेळा सगळं पहिल्यापासून सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच.

चिंतूचा हात काही आठवडे जरा बाहेरच्या बाजूला ठेवून पट्ट्याने बांधला होता, दारावरच्या पहारेकऱ्यासारखा. तपासणीला येई तेव्हा सोमी पुढे आणि हा तो हात सांभाळत मागे. मग पट्टा सुटला, व्यायाम सुरू झाले. नांगर त्या वर्षी दिनेशने धरला. ओढायला त्याला हवंच होतं काहीतरी, असं सोमी म्हणाली.

श्रावण लागता लागता एक दिवस दुपारी मी मान वर केली तर काउंटरसमोर दोघं. या वेळी चिंतू पुढे, सोमी मागे. सोमीच्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात रानातली करटोली, हिरवीगार, काटेरी. मी शुभदाताईला हाक मारली. ती कुणाचा तरी गुडघा आटोपून बाहेर आली, उजव्या हातात प्लेट, तोंडाने चालूच, "अरे वा! कोण आलंय बघा! हात कसा आहे? वर जातो? मागे जातो? कोणत्या कुशीवर..."

चिंतूने सोमीच्या द्रोणातली करटोली मूठभर उचलली. मग उजवा हात सरळ पुढे केला आणि मूठ उघडली. तळवा छताकडे, बोटं पसरलेली, मधोमध करटोली. त्या हातावर भात वाढता आला असता इतका तो उताणा होता.

"घे ताई," चिंतू म्हणाला.

आणि शुभदा टिपणीस गप्प झाली. प्रश्न अर्धाच राहिला. डोळे भरून आले. तिने नुसता डावा हात पुढे केला, कारण उजव्यात प्लेट होती.

"ए ताई!" मागून सोमी कडाडली. "डावा हात काय पुढं करतेस? उजव्या हातान घे!"

शुभदाताईने प्लेट माझ्या हातात कोंबली आणि उजवा हात पुढे केला.